घमेलं, गिट्टी आणि पाढे

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात झालेले भाषण. काही सभासदांच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)



व्यासपीठावर बोलायची मला सवय नाही. मी रेल्वेतला पी-वेचा माणूस, शिक्षण डिप्लोमापर्यंत. रुळांत काय बिघडलंय ते सांगता येतं, भाषण जमत नाही. पण सेक्रेटरींनी "आफ्रिकेतल्या शाळेबद्दल बोलाच" म्हणून धरून बसवलं, म्हणून उभा आहे.

२००८ साली मी मोझांबिकला प्रतिनियुक्तीवर गेलो. तिथे बेईरा बंदरापासून मोआतिझेच्या कोळशापर्यंत सेना लाइन जाते, सुमारे पावणेसहाशे किलोमीटर. गेज १०६७ मिलिमीटर. १९७७ ते १९९२ या यादवी युद्धात ती उद्ध्वस्त झाली होती. रूळ उखडलेले, स्लीपर गायब, वर जागोजागी पेरलेले भूसुरुंग. आधी सुरुंग काढायचे, मग आम्ही लाइन टाकायची, असा क्रम होता. आमचा कॅम्प झांबेझी नदीच्या अलीकडे, काया गावापासून थोडा आत होता.

काम पहाटे साडेपाचला सुरू व्हायचं, कारण अकरानंतर रुळाला हात लावण्याची सोय नसे. दुपारी अडीचला सुट्टी. नंतर काय करायचं? टीव्ही नाही, फोनला रेंज नाही. कॅम्पजवळ प्राथमिक शाळा होती. दोन खोल्या, बाकीचे वर्ग आंब्याच्या झाडाखाली. मुलं जास्त म्हणून शाळा पाळ्यांत भरायची आणि एकेका मास्तरापुढे साठ-सत्तर मुलं. एक दिवस हेडमास्तर कॅम्पवर आले आणि विचारलं, "इंजिनिअर, तुम्हाला गणित येतं ना?" झालं! सोमवार, बुधवार, शुक्रवार दुपारी साडेतीन ते पाच मी पाचवीचा मास्तर झालो. पगार नाही. पगार म्हणजे दोन पपया, कधी भाजलेलं मक्याचं कणीस.

शिकवणं पोर्तुगीजमधून आणि मला पोर्तुगीज येत नव्हतं. पण पहिल्याच दिवशी गंमत झाली. मी माझ्या मजुरांना "घमेलं आण" म्हणालो, तर हेडमास्तर हसायला लागले. त्यांच्याकडे लाकडी परातीला 'गामेला' म्हणतात! मग आम्ही बसून शब्द जुळवले. चावी, बादली, पाव, काजू, अननस, बटाटा. अगदी पगारसुद्धा! हे सगळे पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आलेले. १७५२ सालापर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातूनच चालायचा, हे मला तिथे कळलं. शाळेत इतिहास शिकलो होतो, पण घमेल्याइतका तो कोणी समजावला नव्हता.

वर्गात शिरलो की सत्तर मुलं उभी राहून एका सुरात "बों दिया" म्हणायची. म्हणजे सुप्रभात. दुपारी साडेतीनलाही! मी आधी हसायचो. नंतर लक्षात आलं की पोर्तुगीज ही त्यांचीही भाषा नाही. घरी सगळी सेना भाषा बोलतात. पाढे तालात म्हणायची, पण सात चोक अठ्ठावीस म्हणजे काय हे विचारलं की गप्प. पाठांतर कानाचं, अर्थ कोणालाच नाही. मग मी घमेल्यातून गिट्टी आणली. सात-सात खडी, चार ढीग. मोजा. पोरं पाच मिनिटांत पेटली! पंधरा दिवसांत गावात मला 'दगडांचे मास्तर' म्हणू लागले.

जेवायला 'शिमा' असायचा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, बरोबर सुकी मासळी नाहीतर घेवड्याचं कालवण. मी घरून नेलेलं लोणचं लावून खायचो. पाणी हातपंपाचं, बायकांच्या रांगेत उभं राहून. रात्री मच्छरदाणी, तरीही मलेरिया दोनदा झालाच.

एकदा मी पायवाट सोडून जरा बाजूला गेलो, तर मागून एका आठ-नऊ वर्षांच्या पोराने शर्ट घट्ट पकडला. "पेरीगो!" धोका. अक्षरं येण्याआधी त्या मुलांना हा शब्द कळायचा. मोझांबिक सुरुंगमुक्त झाल्याचं जाहीर झालं ते २०१५ साली. मी बातमी वाचली आणि त्या पोराची मूठ आठवली.

आता जे सांगायला उभा आहे ते सांगतो.

वर्गात एक मुलगी होती. गणितात सगळ्यांच्या पुढे. खडी न मोजता उत्तर द्यायची. गावातली शाळा पाचवीपर्यंतच, पुढची शाळा वीसेक किलोमीटरवर. तिचे वडील एका रविवारी माझ्याकडे आले. पोरीला सायकल मिळाली तर ती जाऊ शकेल, असं हेडमास्तरांनी मला समजावून सांगितलं. मी म्हणालो, "मी बघतो."

मंडळी, हे दोन शब्द आपण दिवसातून किती वेळा म्हणतो! मी खरंच बघणार होतो. पुढच्या पगाराला बेईराहून सायकल आणायची, असं ठरवलं होतं. त्यांचं शालेय वर्ष नोव्हेंबरात संपतं. नोव्हेंबरात माझी दुसऱ्या सेक्शनला बदली झाली, दोन दिवसांत निघावं लागलं. तिथे तापाने पडलो. मग कामाचा रेटा. मग मायदेशी परत. सायकल राहिली.

कोणी मला दोष दिला नाही. बदली ही सबब अगदी खरी आहे. पण ती मुलगी फेब्रुवारीत शाळा सुरू होताना वाटेकडे बघत असेल, तिला ऑर्डरचं काय? २०१९ च्या मार्चमध्ये इदाई चक्रीवादळाने बेईरा झोडपलं, तेव्हा टीव्हीवर नकाशा बघताना मी ते गाव शोधत होतो. गाव तिथून बरंच लांब आहे. पण मला जाणवलं, की मला तिचं आडनावसुद्धा माहीत नाही. चौकशी करायची तरी कशी?

आठ महिने मी शिकवलं, याचं कौतुक इथे सगळे करतात. मला मात्र वाटतं, परक्या मुलाच्या आयुष्यात स्वखुशीने पाऊल टाकलं, की ती ड्यूटीच असते. गँगमध्ये आपण अर्धा रूळ बसवून घरी जात नाही. जेवढं शेवटाला नेता येईल तेवढंच हातात घ्यावं.

असो. आपल्या इटारसीच्या रेल्वे कॉलनीत ट्रॅकमन बंधूंची मुलं आहेत. आईवडील पाळीवर, गणितात हात धरायला कोणी नाही. मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी सहा ते साडेसात, मंडळाच्या मागच्या खोलीत मी बसणार आहे. मार्चच्या परीक्षेपर्यंत. माझी बदली झाली तर माझ्या जागी कोण बसेल, हे आधी ठरवूनच सुरू करतोय. दोघांनी नावं दिली आहेत. आणखी तिघे हवेत. ज्यांना यायचं असेल त्यांनी कार्यक्रम संपल्यावर वार आणि वेळ सांगावी. फक्त एक विनंती, "बघतो" म्हणू नका. नाही जमणार म्हणालात तरी मला राग येणार नाही.

गिट्टीचं एक घमेलं मी खोलीत आणून ठेवलं आहे.

गणपती बाप्पा मोरया!