आलेख आणि ठसा



या परिषदेचा अध्यक्ष या नात्याने, हिऱ्याच्या सूक्ष्म टोकाखाली धातुकाच कशी नमते, या विषयावर काही निवेदन करण्याची मी अनुज्ञा घेतो.

सन १९६० मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे पोल ड्यूवेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुवर्ण व सिलिकॉन यांचा वितळलेला मिश्रधातू अतिशय त्वरेने, सेकंदास लाखो अंशांच्या गतीने, थंड केला, तेव्हा अणूंना स्फटिकाच्या शिस्तबद्ध रांगा धरण्यास अवधीच मिळाला नाही आणि द्रवाची रचना घनरूपात तशीच गोठून राहिली; हीच धातुकाच. स्फटिकात धातूला नमविणारी डिस्लोकेशने, म्हणजे अणूंच्या रांगांतील सरकते दोष, या क्रमहीन द्रव्यात संभवत नाहीत; म्हणून ते सुमारे २ टक्के विकृतीपर्यंत लवचीक राहते, आणि ती मर्यादा ओलांडताच, सामान्य तापमानास, पुढील सर्व विकृती दहा-वीस नॅनोमीटर जाडीच्या कर्तनपट्ट्यांत एकवटते. ताण देऊन ओढल्यास असा एखादाच पट्टा तुकड्याचा अंत करतो. परंतु हिऱ्याच्या टोकाखाली सभोवतालचे लवचीक द्रव्य त्याला आवरून धरते, एकामागून एक नवे पट्टे जन्म घेतात, आणि ठिसूळ म्हणून हिणविलेले हे द्रव्य आपल्या नम्यतेची कैफियत सविस्तर मांडू लागते.

ही कैफियत टोकावरील भार आणि ते द्रव्यात शिरल्याची खोली यांच्या आलेखावर पायऱ्यांच्या रूपाने उमटते. शूह आणि नीह या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवून दिले की, भार सावकाश वाढविल्यास पायऱ्या ठळक दिसतात आणि वेग वाढविल्यास त्या लोपतात. परंतु आलेख सपाट झाला म्हणून द्रव्य सर्वत्र सारखेच वाहिले, असा फैसला कोणी देऊ नये. टोकाने उमटविलेल्या ठशाच्या कडेला पट्ट्यांच्या वक्र रेषा तेव्हाही दिसतात. तसेच, १९९२ पासून रूढ झालेली काठिण्यमापनाची ऑलिव्हर-फार पद्धती टोक व द्रव्य यांच्या संपर्कक्षेत्राचा हिशेब केवळ आलेखावरून करते. धातुकाचेत मात्र ठशाभोवती द्रव्य वर उचलले जाते, प्रत्यक्ष क्षेत्र हिशेबाहून मोठे असते, आणि काठिण्याचा आकडा अवास्तव फुगतो. २००२ मध्ये झिर्कोनियमच्या धातुकाचेत ठशाखाली नॅनोस्फटिक आढळले, तेही इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिले तेव्हाच. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राममूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन तुकडे चिकटवून सांध्यावर ठसे उमटविले, मग तुकडे विलग करून पृष्ठाखालील पट्ट्यांचे जाळे उघड केले. हे काम काठिण्याच्या कोणत्याही कोष्टकाहून मला अधिक मोलाचे वाटते.

आलेख ही एका साक्षीदाराची जबानी आहे. ठसा हा दुसरा साक्षीदार, आणि दोघांची जबानी जुळल्यावाचून निकाल देणे हा द्रव्यावर अन्याय होय. यासाठी माझी या परिषदेस आग्रहपूर्वक शिफारस आहे की, काठिण्याचा प्रत्येक आकडा प्रसिद्ध होताना त्यासोबत भारवृद्धीचा वेग, नमुना कसा थंड केला व पुढे तापविला काय याचा तपशील, आणि ठशाचे छायाचित्र यांची नोंद अवश्य असावी. तरुण संशोधकांनी हा दंडक स्वतःहून स्वीकारला, तर त्यांचे आकडे पुढील पिढ्यांना निःशंकपणे वापरता येतील, आणि या शास्त्राची आपल्याकडून घडलेली ती खरी सेवा ठरेल.