आणखी किती संधी?

बेसबॉल हा अमेरिकेचा लाडका खेळ. क्रिकेटशीं त्याचें दूरचें नातें असलें, तरी दोहोंत एक मोठा भेद आहे. क्रिकेटमध्यें फलंदाज एकदां बाद झाला कीं त्या डावापुरता त्याचा खेळ संपला. बेसबॉलमध्यें तोच खेळाडू एका सामन्यांत चार-पांच वेळां बॅट घेऊन उभा राहतो आणि बहुतेक वेळां हात हलवीत परत येतो. शंभरांत तीस वेळां ज्याचा फटका साधतो, तो उत्तम फलंदाज गणला जातो. उत्तमाच्या वांट्यासही सत्तर वेळां अपयश येणार असेल, तर नवख्या तरुणाचें अपयश कोठवर सोसावें? या प्रश्नावर तेथील रसिकांत हंगामोहंगाम वाद झडतात. विशेषतः आउटफील्डरविषयीं, म्हणजे मैदानाच्या दूरच्या भागांत क्षेत्ररक्षण करणाऱ्या खेळाडूविषयीं. चपळाई तर त्याला हवीच, पण त्याच्या बॅटीकडूनही मोठी अपेक्षा असते.

एक पक्ष म्हणतो, संघ म्हणजे पाठशाळा नव्हे. हरलेला सामना परत मिळत नाहीं. आणि एकाला दिलेली संधी ही दुसऱ्या कोणाला तरी नाकारलेली संधी असते. दुसरा पक्ष म्हणतो, आठवड्या-आठवड्याला रोप उपटून मुळें पाहणाऱ्या माळ्याच्या हातीं फळ कधींच लागत नाहीं.

न्यूयॉर्क शहरानें 1951 सालीं या वादाचीं दोन उत्तरें एकाच वेळीं पाहिलीं. जायंट्स संघांत विली मेज हा वीस वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण मे महिन्यांत आला. त्याच्या वर्णाच्या खेळाडूंना प्रमुख संघांचीं दारें उघडून तेव्हां अवघीं चार वर्षें झालीं होतीं. पहिल्या बारा प्रयत्नांत त्याला एकही फटका साधला नाहीं. तेराव्यास होमरन, आणि पुन्हां अपयश. पंचवीस-सव्वीस प्रयत्नांत यश काय तें एकच. रडवेला होऊन त्यानें आपल्याला मिनियापोलिसच्या दुय्यम संघाकडे परत धाडावें अशी विनवणी केली. व्यवस्थापक लिओ ड्युरोशर यांनीं ती मानली नाहीं; आपण आहों तोंवर मधलें मैदान तुझेंच, असें आश्वासन त्यांनीं त्याला दिलें. हंगामाअखेर मेजच्या नांवावर वीस होमरन होते आणि वर्षांतील उत्तम नवोदिताचा मान त्यालाच मिळाला.

त्याच शहरांतील यांकीज संघाचा मिकी मँटल एकोणीस वर्षांचा होता. त्याचा सूर हरपतांच जुलैमध्यें त्याला कॅन्सस सिटीच्या दुय्यम संघांत धाडण्यांत आलें. तेथेंही आरंभीं अपयश आलें, तेव्हां त्यानें धीर सोडला. खाणींत काम करणारे त्याचे वडील भेटीस आले. सांत्वन करण्याऐवजीं त्यांनीं त्याचें सामान बांधावयास घेतलें आणि घरीं चलून खाणींत काम कर म्हणून बजावलें. मँटल राहिला. तेथील चाळीस सामन्यांत अकरा होमरन मारून ऑगस्टमध्यें तो परतला. पुढें मेजचे 660 आणि मँटलचे 536 होमरन झाले.

एकाला ठेवून घेतलें, दुसऱ्याला खालीं धाडलें. फळ दोघांनाही मिळालें. मात्र दर वेळीं असें घडत नाहीं. मायामीच्या संघानें 2018 च्या आरंभीं क्रिश्चन येलिच या कसलेल्या खेळाडूच्या बदल्यांत जे तरुण घेतले, त्यांत लुइस ब्रिन्सन हा प्रमुख होता. पहिल्या वर्षीं त्याचें प्रमाण शंभरांत वीसही भरलें नाहीं; दुसऱ्या वर्षीं तें सुमारें सतरांवर आलें. येलिच मात्र त्याच 2018 सालीं नॅशनल लीगचा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला. संधी पुष्कळ मिळूनही ब्रिन्सनचें पाऊल स्थिरावलें नाहीं. 2023 सालीं तो जपानांतील योमिउरी जायंट्सकडून खेळला.

मग पारख करावी कशी? श्रोत्यांनीं एक हिशेब करून पाहावा. हंगामांत पांचशें वेळां खेळणाऱ्याचें प्रमाण शंभरांत पंचवीस असेल तर 125 फटके साधतात. तीस असेल तर 150. सामान्य आणि उत्तम यांत अंतर पंचवीस फटक्यांचें; हंगाम सहा महिन्यांचा, म्हणजे आठवड्यास अवघा एक! प्रेक्षकांच्या नुसत्या डोळ्यांना तें कसें दिसावें? महिन्याभराच्या आंकड्यांवरून उठणारी ओरड म्हणूनच फोल ठरते. चेंडू निवडण्याची नजर सुधारते आहे काय, वळणाऱ्या चेंडूवर फसणें कमी झालें काय, बॅट रुसली असतां क्षेत्ररक्षणांतील उत्साह टिकून आहे काय, या खुणा अधिक बोलक्या असतात.

त्या दिसत असतील तर थांबावें. दिसत नसतील तर दुय्यम संघांत धाडणें ही शिक्षा नव्हे, शिकण्याची दुसरी जागा आहे. हंगामामागून हंगाम त्या दिसल्याच नाहींत, तर तिष्ठत असलेल्या दुसऱ्या तरुणासाठीं जागा मोकळी करणें हाच न्याय. परंतु ती मुदत आधीं ठरवावी आणि खेळाडूला स्पष्ट सांगावी. उद्यां आपण संघांत असूं कीं नसूं या धास्तीनें बॅट धरणारा हात कधींच मोकळा चालत नाहीं.