दयेचा अर्ज
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत संतवाङ्मयावर, नाट्यसंगीतावर, मराठ्यांच्या इतिहासावर अधिकारवाणीने बोलणारे विद्वान आपण ऐकलेत. केवळ बी. ए. झालेल्या आणि उभी हयात केंद्र सरकारच्या फायलींत घालविलेल्या आमच्यासारख्याने बोलावे तरी कशावर? विचारान्ती, ज्याच्याशी आमचा रोजचा संबंध तोच विषय आम्ही निवडला : अर्ज, आणि त्यातही दयेचा अर्ज. उदाहरण घेतले आहे ते इंग्लंडातील, मोटार चुकीच्या जागी उभी केल्याबद्दल होणाऱ्या दंडाचे. विषय दूरचा वाटेल. परंतु या सभागृहातील अनेकांची मुले-मुली आज त्या देशात नांदत आहेत, आणि असा कागद हाती पडला की सल्ला विचारणारा फोन येतो तो इकडेच.

प्रथम थोडा कायदा. पूर्वी तेथेही हे काम पोलिसांचे असे. १९९१ च्या कायद्याने ते स्थानिक नगरपालिकांकडे, ज्यांना तेथे कौन्सिल म्हणतात त्यांच्याकडे, सोपविण्याची वाट मोकळी झाली. आज २००४ च्या वाहतूक व्यवस्थापन कायद्याखाली हा दंड दिवाणी स्वरूपाचा आहे. तो गुन्हा मानला जात नाही. लंडनबाहेर इंग्लंडात बहुतेक ठिकाणी गंभीर प्रकाराला ७० पौंड व सौम्य प्रकाराला ५० पौंड आकारतात. १४ दिवसांत भरल्यास निम्मेच. मात्र पैसे भरले की प्रकरण मिटले. त्यानंतर दाद मागता येत नाही.

आता एक हकीकत. आपल्याच एका सभासदांची कन्या तिकडे असते. आई तिच्याकडे गेली असता एके दिवशी बाजारातच त्यांच्या रक्तातील साखर एकाएकी उतरली आणि त्यांची शुद्ध हरपू लागली. मुलीने दुहेरी पिवळ्या रेघांवरच मोटार थांबविली, आईला समोरच्या औषधाच्या दुकानात नेले, तेथून रुग्णवाहिकेने इस्पितळात. परत येऊन पाहते तो काचेवर ७० पौंडांची नोटीस! तिने रागाच्या भरात चार पाने लिहिली. आपण कर भरतो, परदेशी म्हणून आपल्याला छळले जाते, शहरात जागाच नसते, असे सर्व काही त्यात होते. आईचा आजार शेवटच्या दोन ओळींत. उत्तर नकाराचे आले. तेव्हा तिचे वडील तो कागद घेऊन आमच्याकडे आले आणि म्हणाले, "साहेब, मी तिला सांगतो, ३५ पौंड भरून मोकळी हो. हक्क असता तर भांडलो असतो. दयेची भीक कशाला मागायची?"

या प्रश्नासाठीच आजचे भाषण आहे. आपण मराठी माणसे रामशास्त्र्यांचा वारसा सांगणारी. कठोर न्यायापुढे आपली मान आदराने लवते. परंतु दया म्हटली की ती आपल्याला देणाऱ्याची मेहेरबानी आणि घेणाऱ्याची लाचारी वाटते. आमचे नम्र मत असे की हा गैरसमज आहे. नियम हा नेहमीच्या प्रसंगासाठी केलेला असतो. नियम करणाऱ्याला पुढचा प्रत्येक प्रसंग दिसत नाही; म्हणूनच शहाणा कायदा अंमलदाराच्या हाती थोडा विवेकाधिकार ठेवतो. तो वापरावा अशी विनंती करणे म्हणजे कायद्याने ठेवलेल्या दारावर टकटक करणे होय. त्यात भीक कसली?

इंग्लंडातील व्यवस्थेत हे दार कोठे आहे ते पाहा. १४ दिवसांत पाठविलेले पहिले पत्र अमान्य झाले आणि दंड भरला नाही, तर वाहनमालकाला रीतसर नोटीस येते. तिला २८ दिवसांत लेखी उत्तर द्यावयाचे. नोटीस कायद्याने ठरविलेल्या कारणांत बसत नसली, तरी अन्य सबळ कारणांसाठी ती रद्द करण्याचा अधिकार नगरपालिकेला असतो. तिने ५६ दिवसांत उत्तर दिले नाही, तर अर्जदाराचे म्हणणे मान्य झाले असे धरले जाते. नकार आलाच, तर २८ दिवसांत स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. त्याला शुल्क नाही.

येथे एक विलक्षण गोष्ट आहे. न्यायाधिकरणातील निवाडाधिकारी हक्काचा निर्णय देऊ शकतो. दयेचा देऊ शकत नाही. दया ही नगरपालिकेची. तथापि, अपील फेटाळतानाही कारणे सबळ वाटली तर फेरविचाराची शिफारस तो करू शकतो. मग नगरपालिकेला ३५ दिवसांत पुन्हा विचार करून निर्णय कळवावा लागतो. ती गप्प राहिली तर शिफारस मान्य झाली असे समजतात. आमची सारी नोकरी, मौन म्हणजे "प्रकरण विचाराधीन" असे मानण्यात गेली. तेथे मौनाचा अर्थ अर्जदाराच्या बाजूने लावतात, हे वाचून आम्ही क्षणभर चष्मा काढून ठेवला.

आम्ही त्या मुलीला अर्जाचा नवा मसुदा करून दिला. तारीख, वेळ, जागा, काय घडले, पाहणारे कोण, मोटार हलविणे का अशक्य होते, मागणी काय. एकूण एक पान. सोबत इस्पितळाचा कागद आणि औषधविक्रेत्याची चिठ्ठी. दोष नाकारला नाही, कोणावर आरोप केला नाही. रेघांवर मोटार उभी होती हे खरेच होते. नगरपालिकेने पुन्हा नकार दिला. आता ३५ पौंडांची सवलत गेली होती आणि पूर्ण ७० डोक्यावर होते. वडील खचले, मुलगी खचली नाही. ती अपिलात गेली. अपील फेटाळले गेले, पण शिफारस झाली. आणि मुदतीच्या आत नगरपालिकेने दंड रद्द केला. वडिलांना पैशांपेक्षा, आपली गोष्ट कोणीतरी पूर्ण वाचली याचेच समाधान अधिक होते.

दोन सूचना मात्र कराव्याशा वाटतात. पहिली : कागद कोणाचा आहे ते आधी पाहावे. दुकानाच्या वा खासगी इस्पितळाच्या आवारात खासगी कंपनीने लावलेली नोटीस हा कराराचा मामला असतो. तिची वाट निराळी. दुसरी : दयेच्या अर्जात खोटे लिहू नये. जाणूनबुजून खोटे लिहिणे हा तेथे गुन्हा आहेच. पण त्याहून मोठा अपराध असा की, एका खोट्या आजारपणामुळे पुढच्या दहा खऱ्या आजारपणांवर कोणी विश्वास ठेवीत नाही. दंड हा आपला शत्रू नव्हे. रस्ता मोकळा राहतो म्हणूनच रुग्णवाहिका वेळेवर पोहोचते.

शेवटी आमच्या व्यवसायबंधूंना दोन शब्द. समोरचा अर्ज न वाचता "नियमात बसत नाही" असा शेरा मारणे सोपे असते. परंतु जेथे नियमानेच विवेक सोपविला आहे, तेथे तो न वापरणे हेही नियमभंगच होय. आणि अर्जदारांना एवढेच सांगू की, अंमलदाराला मन असते, पण त्याला वरिष्ठांपुढे ठेवायला कागद लागतो. त्याच्या मनाला आपण हकीकत द्यावी, हाताला पुरावा द्यावा.

महाराष्ट्रापासून दूर आलेल्या माणसांना पन्नास वर्षे या मंडळाने आधार दिला. कुणाला रेशनकार्डाचा अर्ज, कुणाला शाळाप्रवेशाचा, कुणाला निवृत्तिवेतनाचा येथे लिहून मिळाला. तो अर्ज आता सातासमुद्रांपलीकडच्या नगरपालिकेला लिहावा लागला, तरी मराठी माणसाने तो ताठ मानेने, खरेपणाने आणि एका पानात लिहावा, ही सदिच्छा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.