वासराला बैलाचं दावं

श्रोतेहो, माझा जन्म पेडगावचा, नोकरी कोर्टातल्या कारकुनीची आणि आता पुन्हा पेडगावातच शेती. मला चारच मिनिटं मिळाली आहेत. त्यात एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी दोन-तीनदा सांगणार, कंटाळू नका. कोर्टानं जामिनाची किंवा दंडाची रक्कम सांगितली आणि ती झेपत नसेल, तर तिथंच, त्याच वेळी तोंडानं सांगा : साहेब, एवढी ऐपत नाही.

परवा परभणीला येताना गाडीत ओळखीचे एक गृहस्थ भेटले. भाचा आत आहे म्हणाले. जामीन मंजूर होऊन तीन आठवडे झाले. मग आत का? तर पंधरा हजारांचा जामीनदार मिळत नाही. घरी जमीन नाही, म्हणजे सातबारा नाही. ज्यांच्याकडे आहे ते भाऊबंद कागद द्यायला तयार नाहीत. मी विचारलं, हे कोर्टाला सांगितलं का? म्हणाले, आता कसं सांगणार, हुकूम झाला ना!

इथंच आपलं चुकतं, बघा.

जामीन म्हणजे दावं. जनावर भटकू नये, वेळेला दावणीवर यावं, एवढ्यासाठीच ते असतं. बैलाला जाड दावं लागतं, कबूल. तेच वासराच्या गळ्यात घातलं तर बिचाऱ्याची मान वर होईल का? आणि वासरू संध्याकाळी घरी येतं ते काय दाव्यामुळे? गाय गोठ्यात असते म्हणून येतं. 1979 साली हुसैनारा खातून खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती भगवतींनी हेच सांगितलं, की ज्याची मुळं गावात आहेत, घरदार, कामधंदा आहे, त्याला जामीनदाराशिवाय जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच लेखी हमीवर, सोडता येतं. दावं आणि वासरू मात्र माझं हं, त्यांचं नव्हे.

त्याच्या आदल्या वर्षी मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याचं प्रकरण झालं. सर्वोच्च न्यायालयानं जामीन दिला, पण खालच्या कोर्टानं दहा हजारांचा जामीनदार मागितला. भाऊ उभा राहिला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी याबद्दल चांगलंच सुनावलं आणि हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला लावलं. पण तो सुटला कशामुळे? परत जाऊन बोलला म्हणून! हुकूम झाला म्हणून गप्प बसला असता तर?

जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून आठवडाभरात जामीनदार देता आला नाही, तर तो माणूस निर्धन आहे असं कोर्टानं धरून चालायचं, असं कायदाच म्हणतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम 478. नुसत्या दंडाची शिक्षा असेल आणि पैसे लगेच भरता येत नसतील, तर कलम 464 प्रमाणे तीस दिवसांची मुदत किंवा दोन-तीन हप्ते मिळू शकतात. खताच्या दुकानात उधारी मागताना आपण लाजत नाही. इथंच कशी जीभ टाळ्याला चिकटते?

सर्वोच्च न्यायालयानं 31 जानेवारी 2023 ला सांगितलंय की, जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. महिना उलटला तर अटी सैल करायच्या का, हे कोर्ट आपणहून पाहू शकतं. गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजनाही आहे : 2023 साली तिची मर्यादा जामिनासाठी 40,000 पर्यंत, दंडासाठी 25,000 पर्यंत होती. काही गंभीर गुन्हे त्यातून वगळलेत. पण पुन्हा तेच, आपली अडचण आपणच आधी सांगायला हवी. ती सांगायला वकील नसेल, तर कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चानं वकील मिळतो, मग त्याची मिळकत कितीही असो.

आता सातबारा पेटीत दडवणाऱ्या भाऊबंदांनाही दोन शब्द सांगायचे होते. जामीन राहिलं म्हणजे जमीन गेली, असं होत नाही. माणूस पळाला तर रक्कम भरावी लागते, हे खरं, पण तेव्हासुद्धा कोर्ट आधी नोटीस देऊन... काचेपलीकडून हात दाखवतायत. वेळ संपली म्हणे. बरं, विधी सेवेचा नंबर तेवढा लिहून घ्या : 15100. पुन्हा सांगतो, एक, पाच, एक, शून्य, शून्य.