लॅपटॉपमधला ऑर्केस्ट्रा आणि खोलीतली अकरा माणसं

(ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

लोकलमध्ये असाल, तर दाराजवळ उभे राहू नका. घरी असाल, तर चहा घेऊन बसा. आज थोडं जुनं आणि थोडं आपल्याच आसपासचं बोलायचंय. विषय आहे जॅझ, ऑर्केस्ट्रा आणि या दोन्हींसाठी एका खोलीत जमणारी माणसं.

लगेच पुढच्या भागावर जाऊ नका. ‘जॅझ म्हणजे मोठ्या हॉटेलातलं संगीत, आपला काय संबंध?’ असं मलाही वाटायचं. संबंध आहे, आणि बराच जवळचा आहे.

सुरुवात माझ्यापासून करतो. मी लॅपटॉपवर संगीत करतो. तुमच्यातलेही बरेच जण करत असतील. सॉफ्टवेअर उघडलं की व्हायोलिन, ट्रम्पेट, बासरी, सगळं तयार. रात्री दोन वाजता चाळीस व्हायोलिनं वाजवली तरी शेजारचे काका बेल वाजवत नाहीत, कारण कानात हेडफोन! असाच मी तीन मिनिटांचा एक तुकडा लिहिला. हेडफोनमध्ये तो इतका भारी वाजायचा, की मी स्वतःवरच खूश होतो.

मग एका मित्राकडून कळलं, की मुंबईच्या उपनगरात एका शाळेच्या संगीताच्या खोलीत महिन्यातून एकदा काही वादक जमतात. काही जॅझवाले, काही चर्चच्या कॉयरमध्ये वाजवणारे, काही कॉलेजची मुलं. कुणीही स्वतः लिहिलेलं संगीत घेऊन यावं, हे लोक ते वाजवून बघतात. ऐकायला कुणीही यावं. तिकीट नाही. मी माझे कागद प्रिंट करून घेऊन गेलो.

वाजवायला सुरुवात झाली आणि पहिल्याच सुराला खोलीतली एक ताई कानावर हात ठेवून हसायला लागली. झालं काय, तर मी सगळ्यांना एकाच पट्टीत लिहिलं होतं. आता बघा, व्हायोलिनच्या कागदावर जो सूर लिहाल तोच वाजतो. ट्रम्पेटचं तसं नसतं. नेहमीचा ट्रम्पेट बी फ्लॅटचा असतो, म्हणजे कागदावर ‘सा’ लिहिलात तर कानाला कोमल नी ऐकू येतो. आल्टो सॅक्सोफोन ई फ्लॅटचा, त्याच कागदावर तो देतो कोमल ग. मी तिघांनाही ‘सा’ दिला होता आणि तिघांनी तीन वेगळे सूर लावले. सॉफ्टवेअरमध्ये ही अडचण मला कधी जाणवलीच नाही, कारण तिथे मी जे दाबलं तेच ऐकू येत होतं.

पुढे आणखी गंमत. माझी आवडती बासरीची ओळ ऐकूच आली नाही. बासरीचे खालचे सूर नाजूक असतात, वर ट्रम्पेट वाजत असेल तर ते बुडतात. लॅपटॉपवर मी बासरीचा आवाज माउसने वर ढकलला होता. खोलीत माउस कुठून आणणार? आणि ट्रम्पेटवाला मला म्हणाला, ‘‘अरे, तू मला श्वास कुठे दिलायस? माझे ओठ आहेत, पंप नाही.’’ मी त्याला सलग वरचे सूर दिले होते, मध्ये विसावाच नाही.

खरं सांगतो, त्या रात्री परत येताना मी ठरवलं होतं, पुन्हा जायचं नाही.

पण गेलो. का गेलो ते शेवटी सांगतो. त्याआधी थोडा इतिहास, कारण अशी खोली या शहराला नवीन नाही.

1935 साली लिऑन ॲबी हे आफ्रिकन अमेरिकन वादक आपला बँड घेऊन मुंबईत आले आणि ताजमहाल हॉटेलात वाजवायला लागले. मागोमाग टेडी वेदरफोर्डसारखे पियानिस्ट आले. त्या बँडच्या आसपास वाजवत, ऐकत कोण शिकलं? मुख्यतः आपले गोव्याचे वादक. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज राज्य होतं आणि चर्चला जोडलेल्या शाळांमध्ये मुलांना व्हायोलिन आणि स्टाफ नोटेशन शिकवलं जायचं. समोर कागद ठेवला की वाचून वाजवायचं, हे त्यांना लहानपणापासून येत होतं. हीच मुलं मोठी होऊन मुंबईला यायची आणि धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावाच्या ‘कूड’मध्ये, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून चालवलेल्या वसतिगृहात, राहायची. रात्री हॉटेलात जॅझ, दिवसा सिनेमाचं रेकॉर्डिंग.

आणि आता संबंध सांगतो. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र. 1951 सालच्या ‘अलबेला’ची गाणी तुमच्या आजी-आजोबांना आजही पाठ असतील. त्यांच्यासोबत काम करणारे एक ट्रम्पेटवादक होते चिक चॉकलेट. मूळचे गोव्यातल्या हळदोण्याचे, खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ. लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. म्हणजे आपल्या लग्नाच्या वरातीत ज्या चाली वाजतात, त्यातल्या कितीतरी चालींमध्ये जॅझ आधीच येऊन बसलेला आहे. आपण त्याला जॅझ म्हणत नव्हतो, एवढंच.

दुसरं नाव, अँथनी गोन्साल्विस. हो, ‘अमर अकबर अँथनी’मधलंच. ते खरे माणूस होते! गोव्यातल्या माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक आणि अरेंजर. प्यारेलाल त्यांचे शिष्य, आणि गुरूचं नाव त्यांनी गाण्यात आणलं. पण मला त्यांची वेगळीच गोष्ट सांगायची आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या सिनेमांसाठी वाजवणाऱ्या या माणसाला स्वतःचं संगीत लिहायचं होतं, भारतीय राग आणि पूर्ण ऑर्केस्ट्रा एकत्र आणणारं. 1958 साली त्यांनी त्यासाठी मोठा वाद्यवृंद उभा केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात कार्यक्रम झाला. विचार करा, जे वादक रोज स्टुडिओत पोटासाठी वाजवायचे, ते त्या दिवशी आपल्यातल्याच एकाने लिहिलेलं संगीत वाजवायला बसले होते. पण असा वाद्यवृंद कायम चालवायचा तर पैसा लागतो, वादकांचा वेळ लागतो. 1965 साली अँथनी अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. परतल्यावर ते माजोर्ड्याला शांत आयुष्य जगले. 2012 साली गेले.

ऐकणाऱ्यांनी जमवलेली मैफलही मुंबईने पाहिली आहे. निरंजन झवेरी हे जॅझचे मोठे चाहते. त्यांच्या पुढाकाराने 1978 साली ‘जॅझ यात्रा’ सुरू झाली. धोबीतलावजवळच्या रंगभवनच्या उघड्या आवारात सॉनी रॉलिन्ससारखा सॅक्सोफोनचा बादशहा येऊन वाजवून गेला. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातली संगीताची रात्र थांबली. ऑर्केस्ट्राच्या बाजूने बघितलं, तर 2006 साली एनसीपीएमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला, तो आजही आहे. जरूर जा. पण नवख्या पोराने लिहिलेला तीन मिनिटांचा चुकीचा तुकडा तिथे कोण वाजवणार? त्यासाठी शाळेची खोलीच लागते.

आता पुन्हा त्या खोलीत जाऊ. मी दुसऱ्या महिन्यात गेलो, कारण कागद दुरुस्त केले होते आणि खाज गेली नव्हती. त्या दिवशी एक अंकल आले होते. वय ऐंशीच्या आसपास. अनेक वर्षं सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये व्हायोलिन वाजवलेलं. मग सिंथेसायझर आला, साठ व्हायोलिनच्या जागी एक कीबोर्ड आला आणि कामं संपली. त्यांच्या हातात एक तपकिरी फोल्डर होता. आत चार वाद्यांसाठी लिहिलेली पाच पानं होती. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. चाळीसहून जास्त वर्षांपूर्वी लिहिलेली.

‘‘अंकल, हे वाजलं कधी?’’ मी विचारलं.

‘‘कधीच नाय,’’ ते म्हणाले. ‘‘सगळे दिवसभर रेकॉर्डिंग करून थकलेले असायचे, बाबा. फुकट ये, माझं वाजव, असं कुणाला सांगणार?’’

खोलीत व्हायोला नव्हता. तेव्हा टेनर सॅक्सोफोनवाला म्हणाला, ‘‘मी वाजवतो, पण मला माझ्या पट्टीत लिहून घ्यावं लागेल.’’ ते काम मी घेतलं. मागच्या महिन्यातल्या फजितीमुळे पट्टी बदलणं मला आता नीट येत होतं! चेलो वाजवणारी एक कॉलेजची मुलगी होती. तासाभराने चौघं बसले. ऐकायला आम्ही अकरा जण होतो, शाळेचे वॉचमनकाका धरून.

पहिल्यांदा वाजलं ते कसंबसं. दुसऱ्यांदा नीट. संपल्यावर कुणी टाळ्याच वाजवल्या नाहीत, कारण संपलं की नाही तेच कळेना. अंकल म्हणाले, ‘‘हां, संपलं.’’ मग सगळ्यांनी वाजवल्या.

मला वाटलं, ते रडतील. ते रडले नाहीत. त्यांनी दुसरं पान मागितलं, चष्मा वर केला, पेन्सिल घेतली आणि चेलोचा एक सूर खोडला. ‘‘हा चुकलाय,’’ म्हणाले. ‘‘डोक्यात मला तो इतकी वर्षं बरोबर वाटत होता.’’ दुरुस्त करून म्हणाले, ‘‘परत एकदा वाजवाल?’’

मंडळी, त्या पेन्सिलमुळे मी तिथे अजून जातो. चांगला शिकलेला, हजारो गाणी वाजवलेला माणूस, आणि त्यालासुद्धा स्वतःची चूक ऐकायला चार वादक आणि एक खोली लागली. ती खोली त्याला चाळीस वर्षं मिळाली नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, ‘आम्ही तर वाजवत नाही, आमचं काय काम?’ तुमचं काम ऐकायचं. फक्त वादकच असले, की ते एकमेकांच्या चुका मोजतात. ऐकणारे आले, की ते वाजवायला लागतात. हा फरक मी दर महिन्याला बघतो.

जॅझ ऐकायला फार काही यावं लागत नाही. आपल्याकडे तबल्याचं आवर्तन असतं, तसं इथे बारा किंवा बत्तीस बारचं चक्र असतं. आधी सगळे मिळून मूळ चाल वाजवतात. मग त्याच चक्रावर एकेक जण आपलं मनातलं वाजवतो, आणि शेवटी मूळ चालीवर परत येतात. मध्येच कधी एक वादक चार बार वाजवतो आणि ड्रमर चार बार उत्तर देतो. आपली सवाल-जवाबची सवय इथे थेट कामाला येते. एकाचं वाजवून झालं की तिथेच टाळी द्यायची, कुणी रागवत नाही. ऑर्केस्ट्राच्या मैफलीत मात्र रिवाज उलटा आहे. रचनेचे तीन-चार भाग असतील, तर मधल्या शांततेत थांबायचं आणि टाळी शेवटी.

आणि तुमच्या गावात असं काही नसेल तर? नाशिक असो, कोल्हापूर असो, सांगली असो, पाच माणसं पुरतात. शाळेत, चर्चमध्ये, बँडपथकात वाजवणारे शोधा. बँडवाले विसरू नका, क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट त्यांच्याइतका रोज दुसरं कोण वाजवतं? महिन्यातला एक दिवस ठरवा आणि तो बदलू नका. प्रत्येक वादकाचा कागद वेगळा आणि त्याच्या पट्टीत लिहून आणा. पेन्सिली ठेवा, पेन नको. स्पीकर लावणार असाल तर रात्री दहाच्या आत बंद करा, नाहीतर पुढच्या महिन्यात खोली मिळणार नाही. आणि एक नियम करा, प्रत्येक रचना दोनदा वाजवायची. पहिल्यांदा चुका कळतात, संगीत दुसऱ्यांदा ऐकू येतं.

30 एप्रिल हा आंतरराष्ट्रीय जॅझ दिवस असतो. सुरुवातीला निमित्त हवं असेल, तर तो दिवस चांगला आहे. नाहीतर येणारा कुठलाही रविवार.

अंकलचा तपकिरी फोल्डर आता खोलीतल्या कपाटात असतो. त्यात आणखी दोन रचना निघाल्या आहेत, एक अर्धवट आहे. ती पूर्ण करायला ते बसलेत. पुढच्या महिन्यात चेलोवाल्या मुलीची परीक्षा आहे, त्यामुळे चेलोची ओळ कोण वाजवणार ते अजून ठरायचंय. तुमच्यापैकी कुणी वाजवत असेल, तर सांगा!

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर एकदा तरी हेडफोन काढून, समोर वाजणारं काहीतरी ऐका. काळजी घ्या.