वेळापत्रक कसे जुळते?

(नंदिगड्डे येथे ग्रामस्थ व शिक्षक यांच्यापुढे केलेले भाषण)



शाळेचे वेळापत्रक भिंतीवर लागले की आपण ते सहज वाचतो. परंतु ते बसविताना गुरुजींची रात्र सरलेली असते. एक शिक्षक एकाच वेळी दोन खोल्यांत शिकवू शकत नाही आणि दूरच्या वस्तीवरील मुले तर अंधारापूर्वी घरी पोहोचली पाहिजेत. एक तास हलवावा, तर दुसरा अडतो.

आपल्या उत्तर कन्नड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरून धावणाऱ्या कोकण रेल्वेपुढेही हाच पेच असतो. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण खुला झालेला हा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग आजही बहुतांशी एकेरी आहे. समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांपैकी एकीला स्थानकात थांबावेच लागते. कोणती थांबवावी, याचे दर वेळी दोन पर्याय. अशा १० भेटींचे १,०२४ पर्याय होतात. २० भेटींचे १० लाखांवर, तर ३० भेटींचे १०७ कोटींहून अधिक! त्यातच पावसाळ्यात दरडींच्या भयाने वेग कमी करावा लागतो, म्हणून त्या काळासाठी दरवर्षी निराळे वेळापत्रक करावे लागते.

एवढे पर्याय तपासावयाचे कसे? सगळे तपासावयाचेच नाहीत. वेळापत्रकाचा प्रश्न सर्वसाधारण रूपात हमखास आणि झटपट सोडविणारी रीत अद्याप कोणासही सापडलेली नाही. म्हणून संगणक अनुभवी गुरुजींप्रमाणेच वागतो. प्रथम कच्चा आराखडा मांडतो, त्यातील दोष मोजतो, दोन तासांची अदलाबदल करून पाहतो. दोष घटले तर बदल कायम ठेवतो. क्वचित थोडा वाईट बदलही मुद्दाम स्वीकारतो, कारण खोल दरी गाठावयाची तर वाटेत एखादी चढण चढावीच लागते. तापलेला धातू सावकाश निवविण्याच्या कल्पनेवरून कर्कपॅट्रिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली ही रीत मांडली. काही पद्धतींत कोणत्या बदलाने लाभ झाला हे टिपून संगणक आपली चालही सुधारीत जातो. मिळालेले उत्तर सर्वोत्तमच असेल अशी हमी नसते. परंतु ते बहुधा कामास येण्याजोगे असते.

मात्र दोष कशाला म्हणावे, हे यंत्र ठरवीत नाही. शिक्षकाचा वाया गेलेला तास हा एक दोष. शेवटची बस चुकून मुलीला जंगलातून पायी जावे लागणे हा दुसरा. दोहोंस सारखेच वजन दिले, तर यंत्र त्यांत भेद करणार नाही. आणि जी अट कोणी सांगितलीच नाही, ती यंत्राच्या लेखी नसतेच.

म्हणून शाळेचे अथवा बसचे वेळापत्रक ठरण्यापूर्वी वस्तीचे अंतर, ओढ्याला पूर येण्याचे दिवस, भातलावणीचा हंगाम ही माहिती ग्रामस्थांनी लेखी द्यावी, शिक्षकांनी तीत भर घालावी आणि अधिकाऱ्यांनी ती आवर्जून मागून घ्यावी. शोध यंत्राने खुशाल करावा. काय महत्त्वाचे, हे आपणच सांगितले पाहिजे.