मेंढपाळाचं ऐकणारा राजा

आगमनकाळ सुरू झालाय, दारोदारी चांदण्या लागल्यात. म्हणून आज एका कॅरलबद्दल बोलू या. ‘डू यू हिअर व्हॉट आय हिअर?’ तुम्ही कुठल्या ना कुठल्या दुकानात तरी ते नक्की ऐकलं असेल. मी तर कितीतरी वर्षं त्याला नुसतं गोड अंगाईगीत समजत होते.

मग कळलं, ते ऑक्टोबर १९६२ मध्ये न्यूयॉर्कला लिहिलं गेलं. तो महिना आपल्याला चीनच्या हल्ल्यामुळे आठवतो. तिकडे त्याच दिवसांत क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून १३ दिवस जगाचा श्वास अडकला होता. अणुयुद्ध कुठल्याही क्षणी पेटेल, अशी भीती होती.

शब्द लिहिले नोएल रेग्नी यांनी. मूळचे फ्रान्सचे. दुसऱ्या महायुद्धात त्यांना जबरदस्तीनं जर्मन सैन्यात भरती केलं होतं, तिथून पळून ते फ्रेंच प्रतिकार चळवळीला मिळाले. म्हणजे युद्ध त्यांनी अंगावर झेललेलं. नाताळाचा बाजार झालाय, म्हणून नाताळचं गाणं लिहायला ते फारसे राजी नव्हते. पण रस्त्यात बाबागाडीतली दोन बाळं एकमेकांकडे बघून हसताना दिसली, आणि शब्द सुचले. चाल दिली त्यांच्या पत्नी ग्लोरिया शेन यांनी. सुरुवातीला दोघांनाही ते गाववेना, गळा दाटून यायचा.

आता गाण्यातली गोष्ट बघा. रात्रीचा वारा कोकराला सांगतो, कोकरू मेंढपाळाच्या पोराला, पोरगा थेट राजाला. राजा ते ऐकतो आणि सगळ्या लोकांना शांतीसाठी प्रार्थना करायला सांगतो.

इथे मी थबकले. बायबलमधला हेरोद राजा बाळाची बातमी ऐकून घाबरतो आणि लेकरांच्या जिवावर उठतो. या गाण्यातला राजा मात्र एका गरीब पोराच्या शब्दावर विश्वास ठेवतो. तेव्हा निर्णय केनेडी आणि ख्रुश्चेव्ह यांच्या हातात होता. रस्त्यावरच्या माणसाला एवढंच मागता येत होतं, की वर बसलेल्यांनी खालच्यांचं ऐकावं.

त्याच वर्षी हॅरी सिमिओन कोरालनं ते गायलं, १९६३ मध्ये बिंग क्रॉस्बीनं. संकट टळलं, गाणं राहिलं.

यंदा ते कानावर पडलं, तर क्षणभर थांबा. युद्धं अजून चालूच आहेत. आणि आपल्या घरातही कुणीतरी लहान काहीतरी सांगत असतं. आपण ऐकतो का?

भेटू पुढच्या भागात. नाताळच्या शुभेच्छा!